दोन काचांमधलं बिऱ्हाड

मृग लागायच्या सुमारास आभाळ भरून येतं, पण अजून थेंब पडलेला नसतो. अशा एखाद्या दुपारी ओट्याखालच्या फटीतून मुंग्यांची रांग निघते आणि भिंतीवरून सरळ वर चढू लागते. प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरा दाणा. माझी आजी ते बघून म्हणायची, "मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या गं, पापड आत घ्या." आणि गच्चीवरचं वाळवण भराभर आत यायचं.

ती बहुतेक वेळा अंडी नसतात. मुंगीचं अंडं इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांना ते जेमतेम दिसावं. आपल्याला लांबून दिसतात त्या अळ्या आणि कोष, म्हणजे मुंग्यांची वाढत असलेली पोरंबाळं. घरात पाणी शिरायची लक्षणं दिसली, ओल वाढली, की आधी ती हलवली जातात. मागून राणी. मग उरलेलं सगळं बिऱ्हाड.

कुठे जायचं, हे ठरवतं कोण? राणी ठरवत असेल, असं आपल्याला नावावरून वाटतं. पण राणीचं काम अंडी घालणं. ती हुकूम सोडत नाही, आणि बिऱ्हाड हलतं तेव्हा बऱ्याच जातींमध्ये तिलाच उचलून नेलं जातं. मग शंभर मुंग्यांना एकच जागा कशी पसंत पडते? निम्म्या देव्हाऱ्याकडे आणि निम्म्या माळ्यावर अशी फाटाफूट का होत नाही?

याचं सगळ्यात नीट उत्तर आपल्या भिंतीवरच्या मुंग्यांनी दिलेलं नाही. ते दिलं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका इवल्याशा मुंगीनं.

पुठ्ठ्याच्या भिंती, काचेचं छत

या मुंगीचं शास्त्रीय नाव टेम्नोथोरॅक्स अल्बिपेनिस. लांबी दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर खडकांच्या कपारींत तिची घरं असतात. एका घरात एक राणी आणि साधारण शंभर-दोनशे कामकरी मुंग्या. कपारी ढासळतात, उघड्या पडतात, त्यामुळे या मुंग्यांना घर बदलण्याची वेळ वारंवार येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला सामान बांधण्याची सवय होते, तसंच काहीसं.

ब्रिस्टल विद्यापीठात नायजेल फ्रँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुंग्या अनेक वर्षं पाळल्या. त्यांच्यासाठी केलेलं घर इतकं साधं आहे की कुणालाही ते करता येईल. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशा दोन काचपट्ट्या घ्यायच्या. मध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवायची, तिच्या एका बाजूला मुंगी जाईल एवढी फट सोडायची. पुठ्ठ्याच्या जाडीएवढी उंची, आगपेटीपेक्षा लहान जमीन, वर काचेचं छत. शंभरेक मुंग्या, राणी आणि सगळी पिलावळ त्यात सुखानं राहते. खडकाच्या चपट्या कपारीत राहणाऱ्या जातीला हे घर परकं वाटत नाही.

बिऱ्हाड हलताना बघायचं असेल तर वरची काच अलगद उचलायची. छत गेलं, उजेड आत आला, घर मोडलं. थोड्या अंतरावर दुसरं काचघर तयार ठेवलेलं असतं, किंवा निवड करायला दोन-तीन. यापुढे माणसानं हात लावायचा नाही. प्रत्येक मुंगीच्या पाठीवर आणि पोटावर रंगाचे बारीक ठिपके देऊन तिला ओळख दिलेली असते, त्यामुळे कोण कुठे गेली आणि कुणाला घेऊन आली हे मुंगीगणिक लिहून ठेवता येतं. पुढची सगळी गोष्ट या ठिपक्यांनी सांगितली आहे.

अंधारात खोली मोजायची कशी?

छत उडाल्यावर सगळ्या मुंग्या धावत सुटत नाहीत. बहुतेक जणी पिलावळीभोवती गोळा होऊन बसून राहतात. थोड्या बाहेर पडतात. त्यांना आपण शोधक म्हणू.

शोधक मुंगीच्या मागण्या ठरलेल्या असतात. जागा अंधारी हवी. छत फार बुटकं नको. दार अरुंद हवं, म्हणजे राखायला सोपं. संशोधकांनी या गोष्टी अदलून-बदलून घरं मांडली, तेव्हा मुंग्यांचा पसंतीक्रमही कळला: सर्वांत आधी अंधार, मग उंची, मग दार. पण एका गुणावर त्या निकाल लावत नाहीत. एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त असेल तर सगळं जमेस धरतात. आपण फ्लॅट बघायला गेलो की पाणी, उजेड, स्टेशनपासूनचं अंतर यांचा मनात एकत्र हिशेब मांडतो, तसं.

जागा पुरेशी मोठी आहे की नाही, हे कळणं मात्र अवघड. घर अंधारं, मुंगी एकटी, हाताशी फूटपट्टी नाही. तरी निम्म्या आकाराचं घर ती नाकारते आणि पुरेसं घर पसंत करते. हे जमतं कसं?

समजा रात्री वीज गेली आहे आणि तुम्ही एका अनोळखी खोलीत आहात. हातात रांगोळीची पिशवी आहे आणि तिला खाली भोक आहे. तुम्ही खोलीत वेडेवाकडे फिरता, मागे रांगोळीची रेघ पडत जाते, मग बाहेर येता. थोड्या वेळानं अनवाणी परत आत जाता आणि तेवढंच फिरता. खोली लहान असेल तर पायाला घडीघडी रांगोळी लागेल, मोठी असेल तर क्वचित. किती वेळा लागली यावरून खोलीचा अंदाज येतो, एकही भिंत न चाचपता.

इमॉन मॅलन आणि फ्रँक्स यांनी 2000 साली दाखवलं की मुंगी असंच करते. पहिल्या फेरीत ती आपल्या गंधाची रेघ मागे ठेवते. दुसऱ्या फेरीत ती स्वतःचीच रेघ किती वेळा ओलांडते, त्यावरून क्षेत्रफळाचा अंदाज बांधते. एका फेरीला तिला दोनेक मिनिटं पुरतात. फ्रान्सच्या बफाँ या गृहस्थानं अठराव्या शतकात आखलेल्या जमिनीवर सुया टाकून त्या रेघांना किती वेळा छेदतात याचं गणित मांडलं होतं. मुंगीची युक्ती त्याच जातीची आहे, म्हणून तिला "बफाँची सुई" म्हणतात.

कशावरून? मुंगी भिंतीच्या कडेकडेनं चालून घेर मोजत असेल, अशीही शक्यता होती. म्हणून घेर पुरेशा घराएवढा पण क्षेत्रफळ निम्मं, असं घर केलं गेलं. मुंग्यांनी ते नाकारलं. भिंतीला धडकेपर्यंत सरळ किती चालता येतं, यावरून अंदाज बांधत असेल का? मग पुरेशा घरातच मध्यावर अर्धवट आडभिंत घातली, म्हणजे धडका वाढतील पण जागा तेवढीच राहील. मुंग्यांनी ते घर पसंत केलं. दोन्ही शक्यता गळाल्या. पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी मुंगीच्या मनात डोकावण्याचा हा प्रयोग मला फार सुंदर वाटतो.

बोट धरून नेणारी

जागा पसंत पडली, तरी शोधक मुंगी लगेच इतरांना बोलवायला निघत नाही. ती थांबते. जागा उत्तम असेल तर थोडा वेळ थांबते, बरी असेल तर जास्त. या प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट असं माझं मत आहे, कारण पुढचं सगळं या थांबण्यातून घडतं. दोन जागा एकाच वेळी सापडल्या, तर चांगल्या जागेकडे बोलावणी आधी सुरू होतात. तिथे आलेल्या मुंग्याही लवकर बोलवायला निघतात. पाच मिनिटांचा फरक तासाभरात गर्दीचा फरक होतो. एकाही मुंगीनं दोन्ही जागा पाहिलेल्या नसल्या तरी.

बोलावण्याची रीत सावकाश आहे. शोधक जुन्या घरी येते, एका मुंगीला गंधानं खुणावते आणि दोघी निघतात. पुढे वाट माहीत असलेली, मागे नवखी. मागची मुंगी आपल्या मिशांनी, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकांनी, पुढचीच्या पायांवर आणि पोटावर टकटक करत राहते. ही टकटक म्हणजे "आहे मी, चल". टकटक थांबली की पुढची जागच्या जागी उभी राहते. मागची इकडेतिकडे वळसे घालते, वाटेवरच्या खुणा बघून घेते, परत येऊन टकटक करते. मग पुढची पुन्हा चार पावलं टाकते. मराठीत याला जोडचाल म्हणता येईल. पोराला पहिल्यांदा शाळेच्या वाटेनं नेणारी आई अशीच चालते. एकटी असती तर ती केव्हाच पोचली असती.

मुंगीही पोचली असती. एकटीनं जायला लागतो त्याच्या साधारण चौपट वेळ तिला जोडचालीत लागतो. फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी 2006 साली 'नेचर'मध्ये हे मांडलं आणि म्हटलं की हे शिकवणं आहे. शिकवण्याची व्याख्या प्राणिशास्त्रात कडक आहे: जाणत्यानं नवख्यासाठी आपलं वागणं बदललं पाहिजे, त्यात त्याचं काही तरी खर्च झालं पाहिजे, आणि नवख्याला ती गोष्ट एरवीपेक्षा लवकर आली पाहिजे. मोहरीएवढ्या मुंगीनं तिन्ही अटी पुऱ्या केल्या. मागची मुंगी वाटेत हरवली तर पुढची काही वेळ तिथेच वाट बघते, आणि बरीच वाट चालून झालेली असेल तर जास्त वेळ थांबते.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? आपल्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या गंधाची रेघ ओढतात आणि हजार जणी तिच्यावरून धावतात. खरं आहे, पण ती हजारांची सोय आहे. रानातली पाऊलवाट रोज शंभर माणसं चालली तर राहते. दोघेच चालले तर गवत तिला गिळून टाकतं. गंधाची रेघही अशीच सतत उडून जात असते, आणि तिच्यावरून जाणाऱ्या मुंग्या ती ताजी ठेवतात. फेरो मुंगी या गंधरेघेवर चालणाऱ्या छोट्या घरमुंगीवर 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: वसाहत फार लहान असेल तर रेघ टिकतच नाही आणि मुंग्या विखुरल्यासारख्या फिरत राहतात. शंभर मुंग्यांच्या कुटुंबाला एकेकीचं बोट धरून नेणंच परवडतं.

भारतातही जोडचाल आहे. डायाकामा इंडिकम ही आपल्याकडची मुंगी आकारानं बरीच मोठी, सेंटीमीटरभर. कोलकात्याच्या आयसरमध्ये सुमना अन्नागिरी आणि त्यांचे विद्यार्थी तिच्या स्थलांतराचा अभ्यास करतात. ही मुंगी पिलावळ तोंडात धरून नेते, पण मोठ्या मुंग्यांना उचलत नाही. त्यांना एकेक करून जोडचालीनंच नव्या घरी नेते.

कोरम भरला की उचलाउचल

डॉर्सेटची मुंगी मात्र एका टप्प्यावर रीत बदलते, आणि तो टप्पा म्हणजे निर्णय.

कोरम हा शब्द आपल्याला सोसायटीच्या वार्षिक सभेमुळे ओळखीचा आहे. ठरलेली संख्या जमल्याशिवाय ठराव होत नाही. नव्या जागेत मुंग्या जमू लागतात, तेव्हा प्रत्येक शोधक आत गेली की तिला इतरजणी भेटतात. त्या पुरेशा आहेत असं वाटलं, की ती जोडचाल सोडून देते. जुन्या घरी जाते, समोर येईल त्या मुंगीला जबड्यात धरते आणि उचलून आणते. तीच तीन पट वेगानं होणारी उचलाउचल आपण लांबून "स्थलांतर" म्हणून बघतो. ठराव त्याआधीच झालेला असतो.

उचललेली मुंगी डोक्यावर उलटी, पाय आवळून, मागे तोंड करून असते. वाट शिकायची तिला काही संधीच नाही. जोडचालीत आलेली मुंगी वाट शिकून स्वतः जागा पारखते, मग दुसरीला आणते. उचलून आणलेली फक्त राहायला येते. म्हणजे जोपर्यंत खात्री नाही, तोपर्यंत नव्यानं बघणारी माणसं वाढवायची, आणि खात्री झाली की सामान हलवायचं.

मुंगीला आकडे मोजता येत नाहीत, मग "पुरेशा" कशावरून? स्टीफन प्रॅट यांच्या प्रयोगांतून असं दिसलं की ती धक्के मोजते, म्हणजे आपल्या बहिणी किती वारंवार अंगाला लागतात ते. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर तुम्ही डोकी मोजत नाही. किती पावलांनी कुणाचा खांदा लागतो यावरून गर्दी कळते. मुंगीचं तसंच आहे.

आणि हा कोरम प्रसंगानुसार बदलतो. जुनं घर शाबूत आहे, नवं फक्त जास्त बरं आहे, अशा वेळी मुंग्या सवडीनं पारखतात. घर मोडलंय आणि वर वाराही सुटलाय, अशा वेळी थोड्याच मुंग्या जमल्या तरी उचलाउचल सुरू होते. फ्रँक्स यांच्या गटानं 2003 साली हे वारा घालून तपासलं. घाईत मुंग्या लवकर हलल्या, पण हलक्या घरात जाऊन बसण्याचं प्रमाण वाढलं.

प्रॅट आणि ताकाओ सासाकी यांनी अमेरिकेत, ॲरिझोनात, याच कुळातल्या दुसऱ्या जातीवर आणखी एक गोष्ट पाहिली. एकट्या मुंगीसमोर दोन घरं ठेवली तर ती बरी निवड करते. आठ ठेवली तर गोंधळते. पूर्ण वसाहतीसमोर आठ ठेवली तरी निवड बिघडत नाही. कारण आठही घरं बघायची पाळी एकीवरही येत नाही. प्रत्येक जण एक-दोन बघते, थांबते, बोलावते, आणि तुलना आपोआप गर्दीत होते.

माझ्या परीक्षानळीतल्या मुंग्या

हे सगळं वाचण्याआधी मी एक चूक केली होती. एका जूनमध्ये जिन्यात पंख गळालेली एक छोटी राणी सापडली, मोनोमोरियम कुळातली, काळी. ती मी परीक्षानळीत ठेवली. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग राणीची जागा, आणि तोंडाला दुसरा बोळा. दिवाळीपर्यंत तीस-चाळीस कामकरी झाल्या. तोवर आतल्या कापसावर काळी बुरशी चढली. मी घाबरून नळी उलटी केली आणि टिचक्या मारून मुंग्या नव्या नळीत पाडायला गेलो. पाच-सहा चिरडल्या. काही अळ्या कापसाच्या तंतूंत अडकून राहिल्या आणि वाचल्या नाहीत. राणी वाचली ते निव्वळ नशीब.

दुसऱ्या वेळी शहाणपणानं वागलो. नवी नळी पाणी-कापसासकट तयार केली, जुनीच्या तोंडाला तोंड लावून जोड टेपनं बंद केला. नवी नळी काळ्या कागदात गुंडाळली, जुनी उघडी ठेवून जवळ टेबललॅम्प लावला, ऊब फार होणार नाही एवढ्या अंतरावर. अकरा दिवस काही घडलं नाही. रोज एक-दोन मुंग्या पलीकडे जायच्या आणि परत यायच्या. तेव्हा मला ते वाया गेलेले दिवस वाटले. बाराव्या दिवशी सकाळी उठलो तर जुन्या नळीत फक्त कचरा होता, मेलेल्या मुंग्या आणि रिकाम्या कोषांची टरफलं. कागद किंचित सरकवला. राणी कापसाला पाठ लावून बसलेली, आणि अळ्या आकाराप्रमाणे वेगवेगळ्या रचून ठेवलेल्या.

माझ्या मुंग्या जोडचालीच्या नव्हेत, गंधरेघेवर चालणाऱ्या. पण ज्या गोष्टींनी त्यांना हलवलं त्या त्याच: तिकडे अंधार आणि ओल, इकडे उजेड, मध्ये अरुंद दार, आणि पारखायला वेळ.

> चौकट: पाळलेल्या मुंग्या हलवायच्या असतील तर
>
> नवं घर जुन्यापेक्षा सरस असलं पाहिजे. अंधारं, दमट, अरुंद दाराचं आणि मुख्य म्हणजे लहान. चाळीस मुंग्यांना महाल दिला तर त्या कोपऱ्यात कचरा टाकतात आणि बुरशी येते. आत बघायचं असेल तर काळ्या कागदाऐवजी लाल पारदर्शक कागद चालतो, कारण बहुतेक मुंग्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. जुन्या घरावर मंद उजेड ठेवा, ऊन नको, बंद काचेत मुंग्या काही मिनिटांत भाजतात. टिचक्या, फुंकर, हलवाहलव टाळा. पाणी संपलं किंवा गळती लागली तरच घाई करा. एरवी पंधरा दिवसही थांबायची तयारी ठेवा.

वाळूचा बांध

काचघरात पोचल्यावर डॉर्सेटच्या मुंग्या आणखी एक काम करतात. जागा गरजेपेक्षा मोठी निघाली आणि बाहेर वाळूचे कण ठेवलेले असले, तर त्या एकेक कण जबड्यात धरून आत आणतात. राणी आणि पिलावळ मधोमध, त्यांच्याभोवती मुंग्यांचा घोळका. कण आणणारी आत शिरते, घोळक्यापाशी येते, वळते आणि कण पुढे ढकलत बाहेरच्या दिशेनं निघते. दुसऱ्या कणांना तो टेकला की सोडून देते. कुणी रेघ आखलेली नसते. घोळक्यापासून ठरावीक अंतरावर कणाला कण लागत वर्तुळाकार बांध उभा राहतो, आणि वसाहत मोठी तसा बांधही मोठा होतो: प्रत्येक कामकरी मुंगीमागे सुमारे पाच चौरस मिलिमीटर जमीन.

हे सगळं काचेच्या छतातून दिसतं. बांधाला एक फट ठेवलेली असते. आतून एखादी शोधक तिच्यापाशी येते, मिशा बाहेर काढून हवा चाचपते आणि जुन्या घराकडे निघते. तिथे आता उघड्या काचेवर कचराच उरलेला असतो. ती त्यातून एक फेरी मारते. एखादी मागे राहिलेली मुंगी सापडली तर तिला जबड्यात धरते, आणि आलेल्या वाटेनं परत फिरते.